तेवीस पूर्णांक सत्तेचाळीस

बाबा,
लीकच्या पातीचं सूप पातेल्यात आहे, गरम करून घ्या. मी सातच्या बसने निघालेय. रसायनशास्त्राच्या प्रॉबर्टबाई वर्ग भरायच्या आत भेटतात.

ए-लेव्हल परीक्षेच्या प्रयोगवहीतले माझे तीन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून तुम्ही ते पान काढून नवं लिहिलंत, तेही हुबेहूब माझ्या अक्षरात. वर "अगं एलिन, सगळ्यांचेच आईबाप करतात, एवढं काय त्यात!" म्हणत टोस्टला लोणी लावत राहिलात. शिसारी आली मला.

आणि तुम्ही लिहिलेला २३.४७? ब्युरेटच्या नळीवर शेवटचा आकडा शून्य नाहीतर पाचच वाचता येतो, बाबा. बाई पाहताक्षणी ओळखतील.

त्यांनी ओळखायच्या आत मीच सांगणार आहे. प्रयोगात नापास झाले तर कार्डिफ विद्यापीठातली जागा जाईल, ठाऊक आहे. पण त्या नळीपाशी दोन तास उभी राहून, थेंबाथेंबाने गुलाबी रंग उमलायची वाट मी पाहिली होती. वाकडे का होईना, ते आकडे माझे होते.

शाळेतून फोन येईल. उचला, आणि निदान तेव्हा तरी माझ्या नावाने नको, स्वतःच्या तोंडाने बोला.

एलिन