एक्केचाळिसावा खिळा

ता. ४ मार्च

चि. चिऊ हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे अकरा प्रश्न पोचले. पूर्वी रॉकेटं सरकारच उडवायचं. आता आमच्यासारख्या खाजगी कंपन्याही उडवतात. लोकांचे उपग्रह आम्ही वर नेऊन सोडतो. टेम्पोवाला कपाट पोचवतो तसंच, जिना तेवढा उंच. खालचा टप्पा इंधन जाळून ढकलतो, मग सुटा होऊन परत येतो आणि पायांवर उतरतो. तोच पुन्हा वापरायचा, म्हणून परवडतं.

माझं काम याहून दिव्य: मी टोपणं मोजतो. धूळ-किडे शिरू नयेत म्हणून रॉकेटच्या नळ्यांना लाल फितीची टोपणं लावतात. उड्डाणाआधी तुझे बाबा आणि मिस्त्रीकाका ती काढून फळीवर टांगतात. खिळे एक्केचाळीस. एक जरी रिकामा राहिला, तरी टोपण आत अडकलंय असं धरून रॉकेट थांबवायचं. गेल्या महिन्यात चाळीसच भरली. सहा दिवस सगळं उघडून शोधलं. खापर मिस्त्रीकाकांवर फुटलं. तीस वर्षं या कामात मुरलेला माणूस, फाटकाशी लहान मुलासारखा रडला. त्यांना कामावरून काढल्याच्या कागदावर सही माझी. तुझे बाबा शेजारीच उभे होते, बूट न्याहाळत.

आईस नमस्कार.

ता. ९ मार्च

ती. मामास चिऊचा शि. सा. न.

एक गंमत! बाबांनी वाढदिवसाला रॉकेटचं खरंखुरं टोपण पाठवलंय, लाल फितीचं. कोणाला सांगू नकोस म्हणालेत, पण तू काय, घरचाच! मी त्यात पेन्सिली ठेवते. बाबा दोन वर्षांत चारच दिवस आले. तुझ्या साहेबांना सांगून त्यांना घरी पाठव ना. सांगशील ना? काकांना रडू नका म्हणावं.

तुझी चिऊ

ता. २१ मार्च

चि. चिऊ हिस आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, मग साहेबांना जसंच्या तसं दिलं. अक्षर सुवाच्य असल्यानं त्यांना चष्मा लागला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी ते तुझ्या बाबांसमोर मोठ्यानं वाचलं. पेन्सिलींपाशी आल्यावर बाबा खाली बसले. मिस्त्रीकाकांना परत बोलावलंय. ते दार उघडत नाहीत. टोपण तुझ्या टेबलावर आहे हे कळल्यामुळे रॉकेट मात्र निर्धास्त सुटलं. छान दिसलं.

तू मागितलंस, तथास्तु. बाबा सोमवारी घरी येताहेत, ट्रंकेसकट. आता कुठेच जायचे नाहीत.

सोबत पाकीट आहे. पेन्सिली काढून ठेव आणि टोपण पाठव. खिळा अजून रिकामा आहे. लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. या खेपेला ती जागा कोरी सोडतो.

तुझा मामा