पथ्याचं कानडी पुस्तक

खटकचिंचोळी,
१२ जानेवारी २०२५

चि. मंजुश्री भाचीस अंकुशमामाचे अनेक आशीर्वाद.

मामानं फोन सोडून पत्र कामून लिहिलं, म्हणशील. फोनला बंदी हाय, माय! गालाच्या क्यान्सरचं आपरेशन झालं, किरणांचा शेक झाला, अन् सुट्टी देताना दवाखान्यानं एक पुस्तक दिलं. ते कानडीत. मी मराठी शाळेचा, तुझी मामी कानडी शाळेची. रोज चष्मा लावून एक पान वाचती अन् एक बंदी काढती. जास्त बोलायचं न्हाई. बंडेप्पाच्या हाटेलात बसायचं न्हाई. परवा तर तिच्या भावाला, माझ्या मेव्हण्याला नावं ठेवायची न्हाईत, हेबी निघालं! डाक्टरला माझा मेव्हणा कसा ठाव?

चार महिने गप बसलोय. आता तोंड उघडंना, आत दोनच बोटं जातेत, भाकरी दुधात कुस्करून खायलोय. भ्या वाटायलंय पोरी. मामी बाजाराला गेलीय, तेवढ्यात पुस्तक जीपवाल्या व्यंकटच्या हाती धाडायलोय. तू शाळेत कानडी शिकवतीस, खरं काय ते कळव.

मामावर माया असू दे, अन् मामीला कळू देऊ नको.
अंकुशमामा

हळ्ळीखेड (बी),
१५ जानेवारी २०२५

ती. मामांस मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

पुस्तक दोनदा वाचलं. हॉटेलाची बंदी नाही, मेव्हण्याचं तर नावच नाही. उलट माणसांत बसा, बोला, जबडा ताणायचा व्यायाम रोज करा, असं लिहिलंय. शेकानंतर तोंड आखडतं म्हणे. तंबाखू मात्र कायमची बंद, ते मामीच्या पदरचं नाही. पुडीला हात लावलात तर मीच चुगली करीन.

मामीचा फार राग आला होता. मग बाविसावं पान वाचलं अन् गेला. ते मामीकडूनच वाचून घ्या. पुस्तक परत पाठवतेय. उद्याच दवाखान्यात जाऊन जबडा दाखवा.

आपली माया आहेच, ती वाढावी.
मंजुश्री

खटकचिंचोळी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

बाविसावं पान मामीपुढं धरलं. आधी तिला चष्मा सापडंना, मग उजेड पुरंना, शेवटी रडायलाच लागली. हे दुखणं परत येऊ शकतंय अन् आलं तर कसं ओळखायचं, ते तिथं लिहिलंय. तेवढं तिच्या तोंडून निघंना, म्हणून सुचंल ते वाचत गेली. मी घरात डोळ्यापुढं राहावं, एवढंच तिला पायजे होतं. मेव्हण्याचं मात्र संधी साधून घुसडलं, हे कबूल केलं.

मी म्हणलो, वाच, मी ऐकतो. वाचली. गाठ आली, न्हाईतर दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर लगेच दाखवायचं. ऐकून हलकं वाटलं बघ. ठाव नव्हतं तवा रोज मरायलो होतो.

डाक्टरनं व्यायाम दिलाय, आता अडीच बोटं जातेत. उशीर केला म्हणून दोघांनाबी शिव्या बसल्या. अन् रोज सकाळी मामी ब्याटरी घेऊन माझ्या तोंडात बघती. तोंड उघडं असलं की मला बोलता येत न्हाई, ती मात्र घरातली सगळी गाऱ्हाणी तेवढ्यात उरकती. मग ब्याटरी विझवून काय न्हाई म्हणती, अन् चहा टाकती.

मायेत अंतर पडू देऊ नको.
तुझा अंकुशमामा