‘आपण’ की ‘मी’

घोडेगाव, रविवार, सायंकाळ.

कुसुमचे उद्याचे भाषण तपासून झाले. एक वाक्य मात्र मनातून जात नाही. या तालुक्यातून दिल्लीस निवडून गेलेली पहिली स्त्री, माझी धाकटी बहीण, उद्या राजकारणातून निवृत्ती जाहीर करणार. आणि शेवटचे वाक्य काय, तर ‘आता आपण थांबू या.’

‘आपण’मध्ये ऐकणारेही येतात, हे तिला किती वर्षे सांगतो आहे! शिनोलीच्या रस्त्यासाठी संसदेत भांडली ती एकटी; सभेत मात्र म्हणाली, ‘रस्ता आपण केला.’ तेव्हा मी चालवून घेतले. परंतु उद्या थांबणार तीच. श्रोत्यांनी काय म्हणून थांबावे? मी ‘आपण’ खोडून ‘आता मी थांबते’ असे लिहिले.

तिने चष्मा लावून वाचले आणि हसली.

“लई बारीक नजर तुमची, अण्णा. पयल्या सभेपासून माझं भाषण कोण तपासतंय?”

“मी.”

“मग उद्या थांबणार मी एकटीच व्हय?”

लेखणीला टोपण घालायचे राहून गेले.

तिचे ‘आपण’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, हे मान्य केले पाहिजे. सभेत तो अर्थ कोणास कळणार? म्हणून तेथे ‘मी’च राहू दिले आहे. तिने लिहिलेले वाक्य, एकही अक्षर न बदलता, येथे उतरवून ठेवतो.

आता आपण थांबू या.