उदाहरणातला नंबर

१४ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. ताप उतरला का? पातळ का होईना, पोटात काही जातंय ना? डाव्या हाताने कागद धरता येत असेल असं गृहीत धरून लिहितेय. फोनवर मला हे बोलता येणार नाही, आणि वहिनी फोन उचलत नाही.

काल तुझी कार्यशाळा आवरली. कवळ्यांचे साचे अर्धेअधिक फुटलेत. गुलाबी मेण फरशीला चिकटलं होतं, ते पात्याने खरवडलं. प्लास्टरमध्ये रक्त मुरून वाळलंय, ते काही घासून जात नाही. सांडलेले खोटे दात गोळा करत होते, शे-दोनशे तरी असतील. त्यात एक मूळ असलेला निघाला. तो तुझा. धुऊन रुमालात ठेवलाय. आता त्याचा उपयोग नाही हे कळतं मला, पण केरात टाकायला हात होईना.

तुझा हात मोडणारे ते दोघे सापडले तर मी त्यांचे हात तुझ्या टेबलाला बसवलेल्या त्याच लोखंडी पकडीत घालीन आणि सावकाश आवळीन. हल्ली दात घासतानाही माझ्या डोक्यात हेच चालू असतं.

ऑफिसचं सांगते. तू नेहमी चिडवायचास, "धाकटे, तुझ्या त्या माहितीपुस्तिका वाचतं कोण?" वाचल्या, दादा. त्या दोघांनी अगदी मन लावून वाचल्या.

आमचं टूल काय करतं ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तू तुझी डिजिटल नाणी तारण ठेवून नव्या भट्टीसाठी कर्ज काढलंस ना, तसल्या बाजारांतले कर्जदार ते शोधून देतं. नाणी ज्यात असतात त्या वॉलेटचा नंबर टाकला की तारण किती, कर्ज किती, सगळं समोर. माणसाचं नाव तेवढं नसतं. ते मी पुरवलं.

पुस्तिकेत उदाहरण लागतं. साहेबांचा नियम असा, की उदाहरण चाललंच पाहिजे. वाचणाऱ्याने तोच नंबर टाकला तर उत्तर यायला हवं. माझ्या हाताशी एकच नंबर होता. तुझं वॉलेट मीच उघडून दिलं होतं ना! तो टाकला. टिपणाच्या रकान्यात काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, "दादा, कवळीवाला". स्क्रीनचा फोटो काढून लावला. पानाखाली लेखिका म्हणून माझं नाव आणि आपलं आडनाव. तीन महिने ते पान इंटरनेटवर उघड्यावर होतं. फार छान जमलंय असं वाटायचं मला.

परवा वहिनीने एकदाच फोन उचलला. म्हणाली, एकाने तिचं तोंड दाबून धरलं होतं. दुसऱ्याने तुझा उजवा हात पकडीत आवळला आणि तुझीच हातोडी उचलली. वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द हवे होते त्यांना. दोन बोटं मोडल्यावर त्याने ते पान छापलेला कागद तुझ्या नाकासमोर धरला. "ही कोण तुझी? शब्द हिच्याकडे आहेत?"

माझ्याकडेच आहेत. लक्षात राहत नाहीत म्हणून तूच ठेवायला दिले होतेस.

तू म्हणालास, "बहीण होती. मेली गेल्या वर्षी." मग तिसरं बोट. मग दात. वहिनीने एवढं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

मी तशीच साहेबांकडे गेले. पान काढा म्हटलं. ते म्हणाले, "पान कशाला काढायचं? नंबर बदल." आणि माझ्यादेखत दुसऱ्या एका बड्या कर्जदाराचा नंबर त्यात टाकायला लागले. तोही कोणाचा तरी दादा असेल. टेबलावर त्यांची स्टीलची बाटली होती, पाण्याने भरलेली. ती मी त्यांच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, तरी मारलं, आणि बरं वाटलं. तुझ्यापासून काय लपवायचं! मग त्याच रक्ताळलेल्या कीबोर्डवरून ते पान काढून टाकलं.

काल साहेबांचा निरोप आला, "तू पोलिसांत पुस्तिकेचं बोलू नकोस, मी बाटलीचं बोलत नाही." सौदा वाईट नाही. आणि तू तर इन्स्पेक्टरना सांगून टाकलंयस म्हणे, की कागदबिगद काही आठवत नाही. वहिनीलाही गप्प बसवलंस. तुला माझे चौथीतले गणिताचे मार्क आठवतात, आणि हे आठवत नाही!

दादा, चुकलं रे माझं. माझं घर दाखवलं असतंस तर तुझा हात वाचला असता आणि ते माझ्या दारात आले असते. आले असते तर बरं झालं असतं असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. मला फार भीती वाटते.

तरी आता चौकीत जातेय. पान काढलं तरी ते कोणी कोणी उघडलं याची नोंद ऑफिसात आहे. त्या दोघांचा माग लागला तर तिथूनच लागेल. पुस्तिकेचं सांगेन, बाटलीचंही सांगेन. मग इन्स्पेक्टर तुझ्याकडे येतील आणि विचारतील, कागदावर नाव कोणाचं होतं. या खेपेला मी मेले असं सांगू नकोस.

तुझी,
जिवंत असलेली,
धाकटी