पिस्तूल असलेल्या घरातला माझा अर्धा हिस्सा

मी, श्यामला अवधूत सबनीस, वय चौसष्ट, राहणार लोअर अर्ली, रीडिंग (लंडनजवळ), हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या बुद्धीबद्दल मला तसं लिहून देता येणार नाही. मला बीपी नाही, शुगर नाही, दोन्ही गुडघे धड आहेत. तरीही मरणाची तयारी करते आहे, कारण माझे पती श्री. अवधूत सबनीस घरात स्वेटरखाली, कंबरेला, भरलेलं पिस्तूल लावून वावरतात.

वकीलबाई म्हणाल्या, "मिसेस सबनीस, विलमध्ये फक्त प्रॉपर्टी लिहायची, इमोशन्स नकोत." त्यांचा मसुदा मी परत केला. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम पहिलं, दागिने. त्यांची वाटणी करायला काहीच उरलेलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीत आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो, तेव्हा पूजेतलं सोनं मी कपाटात ठेवत होते. हे म्हणाले, "अगं, आज लक्ष्मीपूजन. लक्ष्मीला कुलूप लावतात का?" नाही लावलं. परत आलो तर मागचं दार फोडलेलं, आणि देव्हाऱ्यासमोर नुसता पाट. माझ्या आईच्या पाटल्या, माझी मोहनमाळ, तनिषाच्या बारशाच्या बिंदल्या, सगळं गेलं. चोरी झाली याचं मला दुःख आहे, राग नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

बैल गेला आणि झोपा केला, तसं यांनी दाराला कड्या बसवल्या, कॅमेरे लावले. तिथवर मी काही बोलले नाही. मग हिवाळ्यात एक दिवस कपडे मशीनला लावताना यांच्या पँटच्या पट्ट्यात ती वस्तू दिसली. कुठून आणली, कुणाकडून आणली, मी विचारलं. "तुला माहीत नसलेलंच बरं," म्हणाले. या देशात ती नुसती घरात सापडली तरी तुरुंग आहे हे यांना माहीत नाही असं नाही. आयुष्यभर बँकेच्या कॉम्प्युटरची सुरक्षा सांभाळलेला माणूस! मी म्हटलं, "अहो, मला हे घरात नको." म्हणाले, "श्यामला, मी तुझ्यासाठीच बाळगतोय." वर्षभर मी रोज नको म्हटलं आणि वर्षभर यांनी रोज तेच उत्तर दिलं. ज्या बाईसाठी बाळगायचं तिचा नकार ऐकायचा नाही, हे कसलं रक्षण?

मधल्या उन्हाळ्यात आमची नात तनिषा एडिनबराहून आली होती. ती पळत येऊन आजोबांच्या कंबरेला बिलगली आणि म्हणाली, "आजोबा, तुमची पोट इतका हार्ड का आहे?" हे हसून म्हणाले, "बेल्ट आहे गं." त्या दिवशी तरी हे ते काढून ठेवतील असं मला वाटलं होतं. नाही ठेवलं.

मुलीला, वैभवीला, मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते यांनीच, तेही न बोलता. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. माझं शिलाई मशीन, विळी, यांचे पाने-पकडी, ड्रिल, लॅपटॉप. मी नैवेद्य आणायला आत गेले तेवढ्यात यांनी पाटावर ते पिस्तूलही ठेवलं आणि वर झेंडूची फुलं घातली. जगापासून लपवलं, पण शस्त्र पूजेवाचून ठेवायचं यांच्याच्याने झालं नाही! नेहमीप्रमाणे वैभवीने दर्शनाला व्हिडिओ कॉल केला. "बाबा, झेंडूखाली काय आहे ते?" "ड्रिलचा पार्ट आहे." आमचे जावई जोश मागून डोकावले, त्यांनी नीट पाहिलं आणि तनिषाला उचलून फोनसमोरून दूर नेलं. वैभवी म्हणाली, "ते घरात आहे तोवर मी तनिषाला घेऊन येणार नाही. आणि आई, तू तिथे राहतेस तरी कशी?"

दिवाळीला कुणी आलं नाही. वैभवीने मंडळातल्या कुणाला सांगितलं असेल किंवा नसेल, पण फराळालाही कुणी फिरकलं नाही. आता आमच्याकडे आला तर फक्त चोर येईल.

आणि गेल्या आठवड्यात मी भर दुपारी बाजारातून लवकर परतले, पिशव्या जड म्हणून मागच्या दाराने आत शिरले. समोर हे उभे, दोन्ही हातांत पिस्तूल, रोखलेलं माझ्या छातीवर. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी. मला ओळखल्यावर हात खाली आला आणि हे माझ्यावरच ओरडले, "पुढच्या दाराने यायला काय होतं तुला?" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही! वर्षभरात ते पिस्तूल एकाच माणसावर रोखलं गेलं आणि ते माणूस मी आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम दुसरं, घर. त्यातला माझा अर्धा हिस्सा तनिषाला मिळावा, आणि ती सज्ञान होईपर्यंत तो वैभवीने सांभाळावा. अवधूत यांनी ते पिस्तूल पोलिसांच्या स्वाधीन केलं असेल, तर हयात असेपर्यंत माझ्या हिश्शातही त्यांनी सुखाने राहावं, माझी ना नाही. केलं नसेल, तर घर विकावं. माझं नाव लागलेल्या एकाही खोलीत ती वस्तू राहता कामा नये.

कलम तिसरं, बचत. बँकेतलं माझं सर्व वैभवीला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक.

कलम चौथं, माझे दीर शशीभावजी, मुक्काम नागपूर. पिस्तुलाचं कळल्यावर त्यांनी फोनवर "वहिनी, दादा मर्द आहे, तुम्ही उगाच घाबरता," असं मला सांगितलं होतं. त्यांना माझं लाटणं द्यावं. मर्दानगी दाखवायला तेवढं पुरे.

शिलाई मशीन माझी मैत्रीण शुलामीथ हिला द्यायचं होतं. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा इथला कायदा आहे. म्हणून ते आजच तिच्या हातात दिलं आहे.

कलम शेवटचं, अवधूत यांच्यासाठी. त्यांना माझा दागिन्यांचा डबा द्यावा. रिकामाच आहे. राखायला त्यांना काहीतरी हवं.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईला नवऱ्याबद्दल माया नाही. माया आहे म्हणूनच पोलिसांना अजून फोन केला नाही. येत्या रविवारपर्यंत यांनी स्वतः फोन करून ते जमा करावं. नाही केलं तर सोमवारी मी करीन. यांना मी हे तोंडावर सांगितलं आहे. तोवर मी एडिनबराला, नातीजवळ.

आज सकाळी बॅग आणि मशीन दारात आणून ठेवलं, तेव्हा हे कोट चढवून आले. म्हणाले, "एवढं ओझं घेऊन कुठे जातेस? थांब, गाडीने सोडतो स्टेशनवर." मी म्हटलं, "ते काढून ठेवा, मग सोडा." हे उभे राहिले. हात स्वेटरवर, तिथेच. मग मीच बॅग आणि मशीन उचललं आणि बसने आले.

सही: श्यामला अवधूत सबनीस

आम्ही दोघं एकत्र हजर असताना श्यामलाताईंनी आमच्यासमोर सही केली. आम्ही त्यांच्या घरी जायला तयार नव्हतो, म्हणून त्याच इथवर आल्या.

साक्षीदार: मनाशे पेणकर, लंडन
साक्षीदार: शुलामीथ पेणकर, लंडन

स्थळ: रीडिंग स्टेशन, कॉफीच्या दुकानातलं खिडकीजवळचं टेबल
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२४