मुंबई पाहण्यासाठी तीन दिवस

प्रति,
मेहेरबान शाळा-तपासनीस साहेब,
आगाशी विभाग,
मुक्काम वसई, जिल्हा ठाणे.

अर्जदार: फर्डिनंड पास्कू तुस्कानो, वय वर्षे एक्कावन्न, दुय्यम शिक्षक, मराठी शाळा, नवी आळी, आगाशीनजीक.

विषय: दिनांक १८, १९ व २० फेब्रुवारी १९५४ या तीन दिवसांची किरकोळ रजा मिळण्याबाबत. (अर्ज चौथा.)

संदर्भ: १) अर्ज दि. ४ जानेवारी. आपला शेरा: "कारण समजले नाही."
२) अर्ज दि. ११ जानेवारी. आपला शेरा: "कोणाबरोबर? एकट्यास तीन दिवस कशास? दीड दिवसात भागवावे."
३) अर्ज दि. १८ जानेवारी. आपला मेमो दि. १ फेब्रुवारी: "कारण खोटे दिसते. खुलासा करावा."

महोदय,

१. अर्जदार सत्यवचनी आहे, ही गोष्ट सर्वप्रथम गांभीर्याने नमूद करण्यात येत आहे. सत्तावीस वर्षांच्या सेवेत त्याने एकदाही असत्याचा आश्रय घेतलेला नाही. यास अपवाद दिनांक २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी या नऊ दिवसांचा असून त्याचा तपशील परिच्छेद सहामध्ये दिला आहे.

२. पहिल्या अर्जात अर्जदाराने रजेचे कारण "मुंबई पाहणे" असे दोन शब्दांत दिले होते. ते आपणास समजले नाही, यात आपला दोष नाही. अर्जदाराने आजवर घेतलेल्या रजांची कारणे अशी: वडिलांचे दफन, एक दिवस, स्वतःचे लग्न, एक दिवस, आईचे दफन, एक दिवस, पत्नी मुंबईच्या इस्पितळात, अकरा दिवस, पत्नीचे दफन, एक दिवस. या सर्व रजा कचेरीने ताबडतोब, शेरा न मारता मंजूर केल्या, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. अशा सेवापुस्तकात एकाएकी समुद्र आणि राणीचा बाग आल्यास कोणाही अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घालाव्यात हे रास्तच होय.

३. म्हणून दुसऱ्या अर्जात सविस्तर खुलासा केला होता. तो आपल्या नजरेतून निसटला असल्यास येथे पुन्हा देतो. अर्जदार व त्याची पत्नी सेलिन यांनी तीन दिवस निवांतपणे मुंबई पाहण्याचा बेत लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी केला. तो एकोणीस वर्षे चालू होता. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर, चहा होईपर्यंत, त्यात काहीतरी घालायचे किंवा काढायचे, असा घरचा रिवाज होता. कधी परीक्षा आड आल्या, कधी केळीला पाणी द्यायची पाळी आली, एकदा तर बांधलेली पिशवी सोडावी लागली, कारण म्हैस व्याली. बेताला त्यामुळे काही इजा झाली नाही. तो चर्चच्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर सेलिनच्या अक्षरात आहे आणि त्यात नऊ बाबी आहेत. त्यांपैकी पहिली "बांधलेला समुद्र" ही आहे. आपला अर्नाळ्याचा समुद्र मोकळा सुटलेला. मुंबईत त्याला भिंत घालून रस्त्याच्या कडेला बसवला आहे असे तिने ऐकले होते आणि त्याला तसे बसलेले कसे वाटते ते तिला पाहायचे होते. तिसरी बाब, ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे व कुठेही न उतरणे. चौथी बाब, "बाकावर बसणे, अर्धा तास, काही न करता."

सन १९५० च्या नोव्हेंबरात तिला इस्पितळात नेताना चर्नी रोडच्या पुढे गाडीच्या खिडकीतून पाणी दिसले. ती म्हणाली, "तोच का तो?" अर्जदार हो म्हणाला. "आता घाई आहे. येताना नीट बघू." अकरा दिवसांनी येताना ती गाडीत बसल्या बसल्या झोपली होती. अर्जदाराने तिला उठवले नाही. सेवापुस्तकात याची नोंद नाही.

४. यावरील आपल्या शेऱ्यास तिसऱ्या अर्जात मुद्देसूद उत्तर दिले होते. "कोणाबरोबर?" याचे उत्तर, कोणाबरोबर नाही. "दीड दिवसात भागवावे" याबाबत नम्र निवेदन असे की, माणसे निम्मी झाल्याने मुंबई निम्मी होत नाही. ट्राम एकट्यासाठी लवकर पोचत नाही. बाकावरचा अर्धा तास एकट्याने बसल्यास पाव तासात उरकत नाही. अर्जदाराचा घरचा अनुभव असा की तो उलट लांबतो. चौथी बाब आगाशीस करता येणार नाही काय, असेही आपण समासात पेन्सिलीने विचारले आहे. अर्जदाराने प्रयत्न केला. आगाशीच्या बाजारात मोटारथांब्याजवळच्या बाकावर तो सात मिनिटे बसला. तेवढ्या वेळात चौघांनी विचारले, "मास्तर, गाडी चुकली का?" पाचव्याने काही न विचारता त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

५. हा पाचवा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई शत्रुघ्न होत. अर्ज आपल्या कचेरीत नेणे आणि शेरे परत आणणे हे काम तेच करतात व वाटेत दोन्ही वाचतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. गेल्या तीन वर्षांत अर्जदाराचे लिखाण आवडीने वाचणारे तेवढेच एक गृहस्थ आहेत. परंतु नव्या आळीत मुंबईस लोक दोन तऱ्हेने जातात. भाजी, केळी किंवा पाने घेऊन जाणारे संध्याकाळी परततात. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेचे लोकही त्याच दिवशी परततात. तीन दिवस राहण्यास जो जातो तो इस्पितळात जातो. आळीच्या आठवणीत याला अपवाद नाही आणि शेवटचे उदाहरण अर्जदाराच्याच घरातले आहे. तेव्हा शत्रुघ्न यांनी बाजारात जे सांगितले ते त्यांच्या समजुतीप्रमाणे खरेच होते: "मास्तर मुंबैला चाललेत. तीन दिस. एकटेच. आनि अर्जात लिवलंय, मुंबई पाहायला! असलं कारन धडधाकट मानूस लिवतो काय?"

चार दिवसांत ही गोष्ट माझगावला अर्जदाराचा मावसभाऊ पीटर याच्यापर्यंत पोचली. अर्जदार त्याच्याकडे उतरणार होता. पीटरचे कार्ड आले: "बेधडक ये. डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. उपाशीपोटी यायचे आहे." रविवार दिनांक २४ रोजी फादरांनी मिस्सेत अर्जदाराच्या प्रकृतीसाठी प्रार्थना सांगितली. अर्जदार चौथ्या बाकावर हजर होता. सर्वांबरोबर त्यानेही गुडघे टेकले.

६. आता त्या नऊ दिवसांविषयी. सोमवार दिनांक २५ रोजी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास शेजारच्या रोझलीनबाय पेजेचे भांडे घेऊन आल्या व त्यांच्यामागून आळीतील अकरा माणसे आली. अर्जदाराच्या प्रकृतीसाठी त्याच्याच ओटीवर नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, धरण्याचे ठरले होते. अर्जदार वगळून ते सर्वांना माहीत होते. अर्जदाराने दारातच स्पष्ट सांगितले की, "मला काही झालेले नाही." यावर रोझलीनबाय भांडे खाली ठेवून बायकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सेलिनपन असंच म्हनायची."

यानंतर अर्जदार काही बोलला नाही. सत्यभंग झाला तो इथे.

कचेरीने यामागचा हेतू विचारल्यास तो असा. अर्जदाराच्या ओटीवर सहा खुर्च्या आहेत. सेलिन गेल्यावर महिन्याने झालेल्या मिस्सेनंतर त्यांवर कोणी बसले नव्हते. अर्जदार दर शनिवारी त्या पुसतो, एवढाच त्यांचा उपयोग होता. त्या नऊ संध्याकाळी त्या कमी पडल्या आणि शाळेचे बाक आणावे लागले. (परवानगी न घेता आणल्याबद्दल क्षमस्व. परत पोचवले आहेत.) प्रार्थना झाल्यावर लोक उठत नसत. कोणाच्या मुलीचे जमत नाही, कोणाच्या रहाटाचा बैल लंगडतो, असे बोलणे चाले. मधूनच कोणाला तरी आपण आजाऱ्याच्या घरी आहोत याची आठवण होई व सगळे अर्जदाराकडे बघून आवाज खाली आणत. येणारा प्रत्येकजण सुकेळीचा पुडा आणी. घरात आता इतकी सुकवलेली केळी आहेत की मुंगीसुद्धा दमून गेली आहे.

पाचव्या दिवशी पलीकडच्या वाडीचे फ्रेडरिक आले. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांनी अर्जदाराशी आठ वर्षे बोलणे टाकले होते व मधले फाटक तारेने बांधले होते. त्या दिवशी ते त्याच फाटकातून आले. लोक गेल्यावरही बसून राहिले. निघताना उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "बुधवारची पाळी तुमचीच होती, मास्तर. माझं चुकलं." ती पाळी सेलिन शेवटपर्यंत आपली म्हणून सांगत असे. ते ऐकायला ती असायला हवी होती. अशा वेळी "मी ठणठणीत आहे" असे म्हणणे अर्जदारास प्रशस्त वाटले नाही. आठव्या दिवशी त्यास खरोखरच थोडे बरे वाटू लागले.

७. दिनांक २ फेब्रुवारीस नोव्हेना पुरी झाली. तीन तारखेस आपला मेमो आला. त्यात म्हटले आहे की, अर्जदार गंभीर आजारी असल्याचे कचेरीच्या कानावर आले असून त्याने "मुंबई पाहणे" हे खोटे कारण देऊन कचेरीची दिशाभूल केली. तरी आजाराबाबत डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे रजा विनाविलंब मंजूर होईल. म्हणजे अर्जदाराने तिन्ही अर्जांत लिहिलेले खरे कारण खोटे ठरले, आणि जे तो कधी बोलला नाही ते खरे ठरले.

शनिवार दिनांक ६ रोजी शाळा सुटल्यावर अर्जदार वसईच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी छाती, पोट, जीभ, नाडी व डोळे तपासले. दोनदा विचारले, "मग आलात कशाला?" दाखला लिहून दिला. डॉक्टरांचे कंपौंडर लॉरेन्स हे नव्या आळीचे असून ते सायकलने जातात. अर्जदार मोटारीची वाट पाहत होता. त्यामुळे तो आळीत पोचण्यापूर्वीच दाखल्यातला मजकूर पोचलेला होता.

त्या संध्याकाळी कोणी आले नाही. रोझलीनबाय आपले रिकामे भांडे न्यायला तेवढ्या आल्या. "देवाच्या किरपेनं बरे झाले असतात तर गोष्ट येगळी," त्या म्हणाल्या. "पन काही झालंच नव्हतं तर आमी नऊ दिस गुडघे कशापायी झिजवले, मास्तर?" फ्रेडरिक फाटकाला नवी तार गुंडाळत होते. अर्जदाराने विहिरीच्या पाळीची आठवण दिली तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "ते मी आजारी माणसाशी बोललो होतो." पीटरनेही कळवले आहे की, बरे असल्यास त्याच्या खोलीत यंदा जागा नाही.

८. सबब विनंती अशी की, रजा मूळ कारणावरच मंजूर व्हावी. आजार असे लिहिल्यास काम लवकर होईल हे आपल्या हेडक्लार्क साहेबांनी आपुलकीने सुचवले आहे. परंतु अर्जदाराचा असत्याचा वाटा त्या नऊ दिवसांत खर्च झाला आहे. आणि सेलिनच्या यादीवर आजाराचा शिक्का बसू नये असे त्यास वाटते. ती यादी दोघांनी धडधाकट असताना केली होती.

तसेच रजेच्या छापील नमुन्यातील दोन रकाने आधीच्या अर्जांत चुकीचे भरले गेले, ते दुरुस्त करून घ्यावेत. "रजेतील पत्ता" येथे पीटरच्या खोलीऐवजी "ठरलेला नाही" असे वाचावे. "प्रसंग पडल्यास कोणास कळवावे" येथे अर्जदाराने तिन्ही वेळा सवयीने "पत्नी" असे लिहिले होते. कचेरीने बाकी सर्व ओळींवर शेरे मारले, या ओळीवर मारला नाही. मध्यंतरी एका संध्याकाळी तेथे फ्रेडरिक यांचे नाव घालावे असे मनात आले होते. तूर्त तो रकाना कोरा ठेवला आहे. त्यामुळे अर्ज अपुरा समजून परत पाठवू नये.

अर्ज मंजूर झाल्यास यादीतील पहिली बाब गुरुवारी सकाळी पाहण्याचा विचार आहे. नामंजूर झाल्यास शेरा शत्रुघ्न यांच्या हाती द्यावा, ते पोचवतात.

आपल्या शेऱ्याची वाट पाहत असलेला,
आपला आज्ञांकित,
फर्डिनंड पास्कू तुस्कानो

नवी आळी, आगाशीनजीक,
दिनांक ९ फेब्रुवारी १९५४.

सोबत:
१) आधीचे तीन अर्ज, शेऱ्यांसह.
२) ठिकाणांची यादी, नऊ बाबी. मूळ प्रत एकच असल्याने पाहून परत पाठवावी.
३) सुकेळी, दोन पुडे, कचेरीतील मंडळींसाठी.
४) डॉक्टरांचा दाखला. मजकूर एका ओळीचा आहे: "तपासले. काहीही झालेले नाही."