अर्नेस्टीनच्या उत्तरासाठी

मी, कॉर्डेलिया मे बॅस्कम, वय शहात्तर, धंदा इस्त्रीचा, राहणार मेकन, जॉर्जिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, काळीज थकलंय पण डोकं शाबूत आहे. माझ्या धाकट्या बहिणीला, अर्नेस्टीनला, हे पटणार नाही. पण तसं तिने तोंडाने सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं ती माझ्याशी बोललेलीच नाही. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं नवऱ्याला दिलं होतं, आणि लूशियस मला न विचारता आधीच गेला.

कलम १. हे घर मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घेतलं. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी अर्नेस्टीनला देते, कोणतीही अट न घालता. मागचं दार मी बुजवून घेतलं आहे. बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या घरात मागच्याच दाराने शिरले. माझ्याकडे येणाऱ्याने पुढून यावं.

कलम २. आईचा बिडाचा तवा अर्नेस्टीनच्या मुलीला, वनेटाला. साबणाने घासलास तर मी परत येईन, हे ध्यानात ठेव.

कलम ३. माझी गवती टोपी चर्चचे डीकन प्रूइट यांना. त्रेसष्ट साली आम्हा काळ्या लोकांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात आपण वॉशिंग्टनला होतो, असं ते इतकी वर्षं सांगत आले आहेत. त्या दिवशी ते मेकनमध्येच अक्कलदाढ काढून घेत होते. यापुढे तिथल्या उन्हाची गोष्ट सांगताना निदान डोक्यावर तरी काही खरं असावं.

कलम ४. लिननचा टेबलक्लॉथ, मधोमध इस्त्रीचा जळका डाग. याबद्दल जरा लिहावं लागेल, कारण वकीलसाहेब आमच्या चर्चला कधी आले नाहीत.

आमच्याकडे पाद्रीबाबा एक वाक्य बोलून थांबतात आणि लोक उत्तर देतात. लहानपणी आम्ही दोघी आईच्या दोन बाजूंना बसायचो, हातात कागदी पंखे. पाद्रीबाबा थांबले की पहिला आवाज अर्नेस्टीनचा: "हो! सांगा, बाबा, सांगा!" सात वर्षांची पोर, पण खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पाद्रीबाबा दम घ्यायला नाही, तिच्यासाठीच थांबतात, असं आई म्हणायची. काय ते रविवार होते! तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

२८ ऑगस्ट १९६३, बुधवार. मी व्हिटकम बाईंकडे कामाला होते. बाईंनी पत्ते खेळायला मैत्रिणी बोलावल्या होत्या. मोर्चा टीव्हीवर दाखवत होते. जरा गंमत बघू, म्हणून त्यांनी तो लावला. मी शेजारच्या खोलीत, दार उघडं, हाच टेबलक्लॉथ इस्त्री करत होते. मोर्चाचे पुढारी डॉक्टर किंग, तेही पाद्रीच, बोलू लागले. आवाज चढला, उतरला आणि थांबला. असं कोणी थांबलं की काय करायचं, ते मला आईने शिकवलं होतं. तोंडून निघून गेलं, "हो! सांगा, बाबा, सांगा!" आणि एकदा नाही, तीनदा.

चौघी वळल्या.

"कॉर्डी, कोणाशी बोलतेयस गं?"

"स्वतःशीच, बाईसाहेब," एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. वीस वर्षं तेच म्हणत आले होते. पण मी म्हटलं, "त्यांच्याशी. ते थांबलेत ना, मग उत्तर द्यायला नको?"

तेवढ्यात जळका वास सुटला. बाईंनी टेबलक्लॉथ माझ्या अंगावर टाकला. "हा घे आणि चालती हो. मागच्या दाराने."

मी पुढच्या दाराने गेले.

अर्नेस्टीन व्हिटकम बाईंच्या सासूकडे स्वयंपाकाला होती. संध्याकाळपर्यंत तिलाही काढलं. ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

"तोंड तुझं उघडलं नि चूल माझी विझली! बोलायला रविवार पुरत नव्हता तुला?"

"टीन, तू असतीस तर तूही बोलली असतीस."

"मी असते तर मला माझी पोर आठवली असती."

ते शेवटचं बोलणं. त्या रविवारपासून ती आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते, आणि पाद्रीबाबा थांबले तरी तोंड उघडत नाही. माझ्याशी अबोला मी समजू शकते, देवाशी कशाला? बोलले याचा मला पस्तावा नाही. पण माझ्या होकारापायी तिचा गेला, हे दुःख मी उराशी घेऊन चालले आहे. त्यानंतर एकदा मतदार यादीत नाव घालायला दोघी एकाच दिवशी सरकारी कचेरीत गेलो होतो, जिन्यावर ती दोन पायऱ्या पुढे. वर पोचल्यावर तिने माझ्यासाठी दार धरून ठेवलं, मान न वळवता. तेवढ्यावर मी वर्षभर आनंदात होते.

तर हा टेबलक्लॉथ माझ्या अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणाला अंथरावा आणि मग चर्चला द्यावा. डाग झाकेल असं भांडं वर ठेवू नये.

कलम ५. अंत्यसंस्कार. पाद्रीबाबांनी माझं फार कौतुक करू नये. तीन वाक्यं बोलावीत आणि थांबावं. तिथे दुसऱ्या कोणी उत्तर देऊ नये, डीकन प्रूइट यांनी तर नाहीच. ती जागा अर्नेस्टीनची आहे. ती गप्प राहिली तर वाट पाहावी, पंखे हलवत बसावं. ती उठून निघून गेली तर तिला कोणी अडवू नये, बोल लावू नये. कलम १ जसंच्या तसं राहील. पण ती बसून असेल तोवर घाई करू नका. चौतीस वर्षं थांबलो, आणखी थोडं थांबू. मला तेव्हा ऐकू येईल की नाही, ठाऊक नाही. तरी पेटीचं झाकण तिने उत्तर दिल्यावरच लावावं.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये, असं वकीलसाहेब म्हणाले. नाहीतर अर्नेस्टीनलाच बोलावलं असतं. वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि सही केली.

कॉर्डेलिया मे बॅस्कम

साक्षीदार: मर्व्हिन टेट, केशकर्तनालयाचे मालक
साक्षीदार: लोरेटा स्पाइव्ही, निवृत्त शिक्षिका

मेकन, जॉर्जिया. १० सप्टेंबर १९९७. वार बुधवार, मुद्दाम निवडलेला.